स्वभावाची झडती

नोकरीच्या दाराशी आलेल्या माणसाला धन्याने काय विचारावे आणि काय विचारू नये, याची मर्यादा कायद्याच्या पुस्तकात एका जागी लिहिलेली नव्हती; तरी ती मर्यादा होती, आणि दोन्ही पक्षांना ती ठाऊक होती. तुला काय येते, आजवर तू काय केलेस आणि तुझ्याविषयी हमी कोण देईल, हे तीन प्रश्न विचारण्याचा धन्याचा अखत्यार उमेदवाराने कधी अमान्य केला नाही. कारण या तिन्हींची उत्तरे त्याच्या हातून घडलेल्या आणि चार लोकांनी पाहिलेल्या गोष्टींतून देता येतात, आणि ती खोटी असतील तर खोटी ठरवताही येतात. गेल्या काही दशकांत या तिहींच्या पंक्तीला चौथा प्रश्न येऊन बसला आहे: तू मुळात कसा आहेस? हा प्रश्न कोणी समोर बसून विचारीत नाही. संगणकाच्या पडद्यावर शंभर-दीडशे विधाने एकामागून एक येतात. 'अनोळखी लोकांत मी सहज मिसळतो', 'लहानसहान गोष्टींनी माझे मन अस्वस्थ होते', 'हाती घेतलेले काम मी अर्धवट टाकीत नाही', अशा प्रत्येक विधानापुढे पूर्ण सहमतीपासून पूर्ण असहमतीपर्यंत पाच घरे असतात, त्यांतल्या एका घरात खूण करायची असते, आणि अर्ध्या-पाऊण तासात उमेदवाराच्या प्रकृतीचा आलेख तयार होतो. तो आलेख त्याला बहुधा दाखवीत नाहीत. पुढे बोलावणे आले तर आले. न आल्यास ते आपल्या विद्येतील उणिवेमुळे आले नाही की आपल्या स्वभावातील उणिवेमुळे, हे त्याला कळण्याचा मार्ग उरत नाही.

या रिवाजाविषयी आपल्याकडे जी थोडी चर्चा होते ती बहुतेक वेळा 'या चाचण्या कितपत अचूक आहेत' या एकाच मुद्द्याभोवती फिरते. तो मुद्दा महत्त्वाचा आहेच आणि त्याचा विचार पुढे करावयाचा आहे. परंतु अचूकतेच्या आधी अधिकाराचा प्रश्न येतो, आणि माझे म्हणणे मुख्यतः त्याविषयी आहे. माणसाने केलेल्या कृत्याविषयी जो निर्णय दिला जातो त्यावर त्याला आपली कैफियत मांडता येते. त्याच्या प्रकृतीविषयी दिलेल्या निर्णयावर, विशेषतः तो त्याच्या अपरोक्ष दिला गेला असेल तर, कैफियतच संभवत नाही. म्हणून उपजीविकेसारखी गोष्ट जेथे अवलंबून आहे तेथे निर्णय कृतीवर व्हावा, प्रकृतीवर होऊ नये. आणि जेथे प्रकृती पाहणे कामाच्या स्वरूपामुळे खरोखरच अपरिहार्य असेल तेथे पाहणाऱ्याने समोर यावे, आपल्या निर्णयाची कारणे द्यावी आणि त्या निर्णयाची जबाबदारी घ्यावी.

सेवकाची प्रकृती जाणून घेण्याची इच्छा मात्र नवी नाही आणि निंद्यही नाही. कौटिलीय अर्थशास्त्राच्या पहिल्या अधिकरणात अमात्यांच्या शुचितेची परीक्षा सांगितली आहे, आणि मुंबई विद्यापीठासाठी प्रा. रा. प. कंगले यांनी सिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्तीच्या आधारे ज्यांनी तो भाग वाचला असेल त्यांना त्यातील विचाराची सूक्ष्मता आठवत असेल. धर्म, अर्थ, काम आणि भय या चार द्वारांनी अमात्याला गुप्तपणे मोह घालावा, आणि जो ज्या मोहातून निभावेल त्याला त्या मोहाची जेथे विशेष शक्यता आहे तेथे नेमावे. धर्माच्या परीक्षेत उतरलेल्याला न्यायदानाच्या कामी, अर्थाच्या परीक्षेत उतरलेल्याला वसुली आणि कोष यांच्या कामी, अशी ती योजना आहे. हिच्यातील कपट आज आपल्याला पटणार नाही. पण दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. एक तर ही परीक्षा अमात्य स्वतःविषयी काय म्हणतो याची नाही, मोहाच्या क्षणी तो काय करतो याची आहे, आणि ती परीक्षा व तो हुद्दा यांचा संबंध प्रत्येक वेळी उघड सांगितलेला आहे. दुसरे असे की, पूर्वाचार्यांनी सांगितलेली ही पद्धत मांडून झाल्यावर स्वतः कौटिल्य तिला मर्यादा घालतो: निर्मळ मनात अशा परीक्षांनी दोष उत्पन्न करणे म्हणजे पाण्यात विष कालवणे होय, आणि एकदा बिघडलेली बुद्धी पूर्वस्थितीवर येईलच असे नाही, असा त्याचा इशारा आहे. ज्या ग्रंथाला आपण निष्ठुर राजनीतीचा ग्रंथ समजतो त्याच्या कर्त्याला परीक्षेने परीक्ष्याचे काय होते ही चिंता पडली होती. आजच्या भरती-विभागांच्या मार्गदर्शक पुस्तिकांत ही चिंता मला आढळलेली नाही.

प्रकृतीवरून माणूस निवडण्याचा, किंवा अधिक नेमकेपणाने बोलायचे तर प्रकृतीचे निमित्त करून माणूस नाकारण्याचा, एक प्रयोग महाराष्ट्राने फार जवळून पाहिला आहे, आणि या विषयावर लिहिताना त्याच्याकडे पाठ फिरवणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. कंपनी सरकारच्या मुंबई इलाख्यातील पलटणींत महार शिपायांचा भरणा मोठा होता. १८१८ च्या कोरेगावच्या लढाईत त्यांनी काय केले ते तेथील स्तंभावर कोरलेले आहे. तरीही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, काही जाती स्वभावतःच लढाऊ असतात आणि काही नसतात, हा सिद्धांत लष्करी अधिकाऱ्यांच्या मनात इतका दृढ झाला की १८९० नंतरच्या काही वर्षांत महारांची भरतीच बंद करण्यात आली. लष्करातून पेन्शन घेऊन आलेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये या अन्यायाविरुद्ध अर्ज सिद्ध केला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी थेट विलायतेतील भारतमंत्र्याकडे दाद मागितली. या अर्जांत अर्जदारांना काय करावे लागले ते पाहण्यासारखे आहे. पूर्वजांची सेवा, मिळालेले हुद्दे, झालेल्या लढाया असे सर्व रुजू करून, ज्यांच्या शौर्याची नोंद सरकारच्याच दप्तरात आहे अशा माणसांना, आपण शूर आहोत हे सरकारला पटवून द्यावे लागत होते. कृती नमूद होती, स्वभाव गृहीत धरलेला होता, आणि गृहीताने नमुदावर मात केली. पहिल्या महायुद्धात निकड पडली तेव्हा महारांची एक पलटण उभी राहिली व युद्ध संपताच थोड्या वर्षांत मोडली गेली. महार रेजिमेंटची स्थापना व्हायला १९४१ साल उजाडावे लागले. याच काळात १८७१ च्या कायद्याने व त्याच्या पुढील आवृत्त्यांनी अनेक जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या होत्या, हेही येथे नमूद केले पाहिजे. एका माणसाची चाचणी आणि एका जातीवरचा शिक्का या भिन्न गोष्टी आहेत, हे मला मान्य आहे. पण दोहोंच्या तळाशी एकच समजूत आहे: माणूस पुढे काय करील हे तो काय आहे यावरून ठरते, आणि तो काय आहे हे त्याला न विचारता, त्याच्याहून वरच्या जागी बसलेल्याला ठरवता येते.

लष्कराचेच दुसरे उदाहरण याच्या अगदी उलट टोकाचे आहे आणि तेही तितक्याच मोकळ्या मनाने सांगितले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याला अधिकाऱ्यांची तीव्र टंचाई भासू लागली, आणि शाळेचे नाव, कुळ व बोलण्याची ढब पाहून थोडक्या मुलाखतीत निवडलेले तरुण प्रशिक्षणात मोठ्या संख्येने मागे पडतात असे दिसून आले, तेव्हा १९४२ मध्ये तेथे मानसशास्त्रज्ञांच्या साहाय्याने नवी निवड मंडळे स्थापन झाली. पुढच्याच वर्षी डेहराडूनला तसाच प्रयोग झाला आणि त्यातून आपल्या सेवा निवड मंडळांची परंपरा निघाली. वर्षानुवर्षे चालत आलेल्या या पद्धतीत उमेदवाराला पाच दिवस ठेवून घेतात. चित्र दाखवून गोष्ट लिहायला सांगतात. साठ शब्द, प्रत्येकी पंधरा सेकंद दाखवून मनात प्रथम येईल ते वाक्य लिहवून घेतात. साठ प्रसंग देऊन अर्ध्या तासात त्यांतून वाट काढायला लावतात. मग मैदानात फळ्या, दोर आणि पिंपे देऊन, कोणाला नायक न नेमता, आठ-दहा जणांच्या गटाला एखादा अडथळा पार करायला सांगतात व कोण पुढाकार घेतो, कोण दुसऱ्याचे ऐकून घेतो, कोण थकलेल्याचा भार उचलतो, ते पाहतात. मानसशास्त्रज्ञ, गटकार्य पाहणारा अधिकारी आणि मुलाखत घेणारा अधिकारी असे तिघे स्वतंत्रपणे मत बनवतात आणि शेवटच्या दिवशी एकत्र बसून ती मते ताडून पाहतात. औरंगाबादेस १९७७ साली राज्य सरकारने सेवापूर्व शिक्षणसंस्था काढली ती या मंडळांपुढे मराठी मुलगा बिचकू नये म्हणून, आणि शेतकऱ्याच्या मुलाला पूर्वीच्या काळी जे दार कधी उघडले नसते ते या पद्धतीने उघडले, हे मान्य केले पाहिजे. दोष येथेही आहेत. नाकारलेल्याला कारणे सांगत नाहीत, आणि अपेक्षित उत्तरे घोकून घेणारे शिकवणी-वर्ग पुण्यापासून डेहराडूनपर्यंत फोफावले आहेत. तथापि माणसाची प्रकृती जोखण्याचे काम किती कष्टाचे आहे याची जाणीव या मंडळांच्या रचनेतच आहे: पाच दिवस, तीन परीक्षक, प्रत्यक्ष कृती, आणि ज्या कामात एकाच्या निर्णयावर तीस जणांचे प्राण अवलंबून आहेत असे काम. ही किंमत ज्याला मोजायची नाही त्याने हा निर्णय करण्याचे मनातही आणू नये.

प्रश्नावलीने ही किंमत टाळली. तिची जन्मकथा पाहिली तर ती भरतीच्या कामासाठी जन्मलेलीच नव्हती असे दिसते. अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली तेव्हा तोफांच्या माऱ्याने ज्यांचे मन खचेल असे रंगरूट आधीच ओळखता यावेत म्हणून रॉबर्ट वुडवर्थ या मानसशास्त्रज्ञाने होय-नाही स्वरूपाच्या प्रश्नांची एक यादी केली. ती वापरात येण्यापूर्वीच युद्ध संपले, परंतु तिच्या नमुन्यावर पुढे अनेक याद्या झाल्या. मिनेसोटा विद्यापीठाच्या रुग्णालयात हॅथवे आणि मॅकिन्ली यांनी १९४३ मध्ये प्रसिद्ध केलेली सुविख्यात प्रश्नावली मनोरुग्णांच्या निदानासाठी होती. निदानाचे हे साधन दुकानातील चोऱ्या रोखणाऱ्या पहारेकऱ्यांच्या भरतीपर्यंत कसे पोचले, याची हकीकत कॅलिफोर्नियातील एका खटल्यात नोंदली गेली आहे. टार्गेट या दुकानसाखळीने अशा उमेदवारांना ७०४ विधानांची चाचणी लावली होती. तिच्यात देवावरील श्रद्धेपासून कामजीवनापर्यंत सर्व काही होते. १९९१ मध्ये तेथील अपील न्यायालयाने, या प्रश्नांचा त्या कामाशी संबंध कंपनीने दाखवलेला नाही आणि म्हणून हा खासगीपणावरील आघात आहे, असा कौल दिला; १९९३ मध्ये प्रकरण तडजोडीने मिटले. मला या खटल्यात सर्वांत बोधप्रद वाटते ती गोष्ट अशी की, कोणा व्यवस्थापकाने उमेदवाराला समोर बसवून 'तू देव मानतोस काय' असे विचारले असते तर त्यालाच संकोच वाटला असता. प्रश्न यादीत घातला, उत्तर यंत्राने मोजले, आणि विचारणाऱ्याची लाज नाहीशी झाली.

आता अचूकतेकडे वळू. फुटकळ चाचण्या सोडून द्याव्यात. या क्षेत्रातील विद्वानांनी सर्वांत अधिक मान्यता दिलेले जे पाच घटकांचे वर्गीकरण आहे, म्हणजे बहिर्मुखता, सौहार्द, कर्तव्यतत्परता, भावनिक स्थैर्य आणि नवानुभवाविषयी मोकळेपणा, तेच विचारात घ्यावे. त्यामागे शब्दकोशांतील स्वभाववाचक हजारो शब्द गोळा करण्यापासून ते मोठमोठ्या जनसमूहांवरील सांख्यिकीपर्यंत कित्येक दशकांचे गंभीर परिश्रम आहेत, आणि त्यांविषयी माझ्या मनात आदर आहे. शास्त्र म्हणून हे वर्गीकरण टिकाऊ आहे. पण एका माणसाच्या भाकरीचा निर्णय त्यावर करता येतो काय? गिऑन आणि गॉटिएर यांनी १९६५ मध्ये तोवरच्या संशोधनाचा आढावा घेऊन, भरतीसाठी अशा चाचण्यांची सर्रास शिफारस करण्याजोगा पुरावा नाही, असे म्हटले. १९९१ मध्ये बॅरिक आणि माउंट यांनी अनेक अभ्यास एकत्र करून, निदान कर्तव्यतत्परता हा गुण बहुतेक सर्व कामांतील यशाशी संबद्ध आहे असे दाखवले, आणि तेव्हापासून चाचण्यांच्या व्यापाराला नवी भरती आली. परंतु तो संबंध केवढा? सहसंबंधाचा गुणक सुमारे ०.२२, आणि २०२२ मध्ये सॅकेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या गणितातील फुगवटा काढून पुन्हा मोजणी केली तेव्हा तो ०.१९ निघाला. याचा अर्थ असा की, कामगिरीत माणसामाणसांत जो फरक पडतो त्याचा जेमतेम चार-पाच टक्के भाग या गुणाच्या मोजणीने उलगडतो आणि उरलेला सर्व भाग दुसऱ्या कारणांत असतो. याच मोजणीत पूर्वनियोजित प्रश्नांच्या पद्धतशीर मुलाखतीचा गुणक ०.४२, कामाच्या ज्ञानाच्या परीक्षेचा ०.४० आणि प्रत्यक्ष काम करवून पाहण्याचा ०.३३ आला आहे. म्हणजे 'तुला काय येते' आणि 'तू काय केलेस' हे जुने प्रश्न नीट विचारले तर चौथ्या प्रश्नाहून पुष्कळ अधिक सांगून जातात.

चाचणीच्या समर्थकांचा खरा बळकट युक्तिवाद यापुढे सुरू होतो. ते म्हणतात, एका माणसाविषयी हे साधन दुबळे असेल, पण दहा हजार अर्जांतून पाचशे माणसे घ्यायची असतील तेव्हा थोडा लाभही एकूणात मोठा होतो. शिवाय तुम्ही चाचणी काढून टाकलीत तर तिच्या जागी न्याय येणार नाही, साहेबाची मर्जी येईल, आणि ती मर्जी आडनाव पाहते, उच्चार पाहते, कोणत्या गावचा आहे ते पाहते. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा मुळीच नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सारख्याच पात्रतेचे अर्ज निरनिराळ्या आडनावांनी खासगी कंपन्यांकडे धाडले, तेव्हा दलित आडनावांना बोलावणी कमी आली. ज्या समाजात हे घडते त्यात आडनाव न पाहणाऱ्या यंत्राचे स्वागत करावेसे वाटणे स्वाभाविक आहे. पण आडनाव न पाहण्याचा गुण या चाचणीचा एकटीचा नाही. ज्ञानाच्या लेखी परीक्षेलाही आडनाव दिसत नाही, आणि करून दाखवलेल्या कामालाही जात नसते. उलट स्वभावाच्या प्रश्नावलीत एक निराळ्या प्रकारचे आडनाव लपलेले असते. बीडच्या एखाद्या तांड्यावरून किंवा गडचिरोलीतून शिकून आलेली, घरातील पहिली पदवीधर मुलगी 'मोठ्या माणसांसमोर मी आपले मत ठामपणे मांडते' या विधानापुढे प्रामाणिकपणे 'असहमत' अशी खूण करील, कारण मोठ्यांपुढे न बोलणे हे तिला लहानपणापासून वळण म्हणून शिकवलेले आहे; आणि ते वळण यंत्राच्या हिशेबी आत्मविश्वासाचा अभाव ठरेल. शहरातील बोलक्या घरात वाढलेल्या मुलाला तेथे जे गुण मिळतील ते त्याच्या स्वभावाचे किती आणि त्याच्या दिवाणखान्याचे किती, हे सांगणे कठीण आहे. आणि दहा हजारांच्या लाभाविषयी म्हणायचे तर तो लाभ कंपनीच्या पदरात पडतो. चुकीने गळालेल्या प्रत्येकाचा तोटा मात्र एकेका घरात पडतो, आणि एकच चाचणी शेकडो कंपन्या विकत घेऊ लागल्या म्हणजे एकाच चुकीसाठी तोच मनुष्य सर्व दारांवरून परत फिरतो. पूर्वी एका साहेबाची मर्जी बसली नाही तर दुसऱ्याची बसण्याचा संभव असे.

चाचणीमात्राला माझा विरोध नाही. रेल्वेच्या सहायक लोको पायलटच्या भरतीत स्मरण, अवधान, अंतराचा अंदाज, सूचनांचे पालन अशा गोष्टींची संगणकीय परीक्षा असते, तिच्या प्रत्येक भागात ठरावीक किमान गुण लागतात, आणि त्यात कोणत्याही प्रवर्गाला सवलत नाही. कसाऱ्याच्या किंवा खंडाळ्याच्या घाटात धुक्यातून सिग्नल ओळखणे ज्याचे काम आहे त्याचे अवधान तपासणे हे प्रवाशांप्रती कर्तव्यच आहे. ती क्षमतेची परीक्षा आहे. उमेदवार तेथे काही करून दाखवतो आणि जे करून दाखवतो तेच मोजले जाते. खोटे अवधान दाखवता येत नाही.

खोटा स्वभाव मात्र दाखवता येतो, आणि येथे आपण या पद्धतीच्या नैतिक गाभ्याशी येऊन पोचतो. विल्यम व्हाइट या अमेरिकन लेखकाने १९५६ मध्ये संस्थांच्या नोकरवर्गावर लिहिलेल्या प्रसिद्ध ग्रंथाला अशा चाचण्यांत चलाखीने उत्तीर्ण कसे व्हावे याचे परिशिष्टच जोडले होते. त्याचा सारांश असा की, आपण काय आहोत ते विसरून कंपनीला कसा माणूस हवा आहे त्याप्रमाणे खुणा कराव्या. त्याला सात दशके होत आली. आज आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील मुले एकमेकांना हाच सल्ला देतात. परिणामी ज्याने 'मला कधी कधी कामाचा कंटाळा येतो' या विधानाला सरळपणे होकार दिला तो मागे पडतो आणि ज्याने आपल्याला कधीच कंटाळा येत नाही असे लिहिले तो पुढे जातो. प्रामाणिकपणाचा शोध घेण्यासाठी काढलेले साधन प्रामाणिक माणसालाच दंड करते. ज्याच्या घरी महिन्याचा पगार यायला हवा आहे अशा माणसाला आपल्याविरुद्ध साक्ष द्यायला बसवणे, आणि त्याने ती खरी दिली तर नाकारणे, खोटी दिली तर स्वीकारणे, हा व्यवहार सभ्य नव्हे. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सेल्वी खटल्यात असा निर्णय दिला की नार्को, असत्यशोधक यंत्र, मेंदूच्या लहरींची तपासणी यांपैकी कोणतीही चाचणी आरोपीवर त्याच्या इच्छेविरुद्ध लादता येणार नाही, कारण मनाच्या आत डोकावणे हा घटनेने रक्षिलेल्या स्वातंत्र्याचा भंग आहे. खुनाच्या आरोपीला जे संरक्षण आहे ते कारकुनीच्या उमेदवाराला नाही, कारण उमेदवाराने 'संमती' दिलेली असते. ती संमती न देण्याची त्याला किती मोकळीक होती, याचा विचार आपण गांभीर्याने करायला हवा.

स्वभावाच्या लक्षणांचा अभ्यासच वाईट, असे यावरून कोणी समजू नये. आपल्या भाषेत या अभ्यासाची परंपरा फार मोठी आहे. समर्थांच्या दासबोधातील दुसरा दशक मूर्खलक्षणांचा आहे. त्यात मूर्ख, पढतमूर्ख, सत्त्वगुणी, रजोगुणी, तमोगुणी अशी माणसांची लक्षणे इतक्या बारकाईने सांगितली आहेत की आधुनिक मानसशास्त्रज्ञानेही त्यांचा आदर करावा. पण ती कोणासाठी सांगितली आहेत? ऐकणाऱ्याने ती स्वतःत शोधावी आणि टाकावी यासाठी. श्रोता तेथे परीक्षकही असतो आणि परीक्ष्यही, आणि आज जी लक्षणे आपल्यात आहेत ती उद्या नसतील ही शक्यता त्या सगळ्या निरूपणात गृहीत धरलेली आहे. मानसशास्त्रज्ञ युंगच्या १९२१ च्या ग्रंथावरून कॅथरीन ब्रिग्ज आणि तिची कन्या इझाबेल मायर्स यांनी सोळा प्रकृतींची जी लोकप्रिय चाचणी रचली तिचे प्रकाशकही ती आत्मपरिचयासाठी आहे, उमेदवार निवडण्यासाठी वापरू नये, असे बजावतात. तरी ती वापरली जातेच. आत्मज्ञानाचे साधन दुसऱ्याच्या हाती गेले की त्याचे स्वरूपच पालटते. स्वतःला 'मी भित्रा आहे' असे म्हणणारा मनुष्य धीट होण्याच्या वाटेवर असू शकतो. तेच वाक्य कंपनीच्या दप्तरात गेले की तो त्याच्या नावापुढचा शेरा होतो.

नव्या उमेदवाराविषयी धन्याला काहीच माहीत नसते, एवढी तरी सबब भरतीच्या वेळी असते. कामावर असलेल्या माणसाच्या बाबतीत ती सबबही राहत नाही. आणि तरी बढती द्यावी की नाही, कोणत्या गटात घालावे, मंदीच्या दिवसांत कोणाला ठेवावे आणि कोणाला घरी पाठवावे, या निर्णयांत स्वभावाचे आलेख पुढे येऊ लागले आहेत. अमेरिकेत २००५ मध्ये एका संघीय अपील न्यायालयाने, रेंट-अ-सेंटर ही कंपनी बढतीसाठी मिनेसोटाची प्रश्नावली वापरीत होती त्या प्रकरणी, ही वैद्यकीय तपासणीच होय आणि अपंगांच्या हक्कांचा कायदा तिला मज्जाव करतो, असे ठरवले. आपल्याकडे या विषयाचा अनुभव दुसऱ्या वाटेने आला आहे. सरकारी नोकरीत वरिष्ठाने कनिष्ठाविषयी दरसाल गोपनीय अहवाल लिहावा, त्यात सचोटी, वृत्ती, स्वभाव यांविषयी शेरे असावे, आणि प्रतिकूल शेरा असेल तेवढाच कळवावा, हा शिरस्ता इंग्रजी अमदानीपासून चालत आला होता. 'चांगला' एवढ्या एका शब्दाने, जेथे 'फार चांगला' हवा होता तेथे, कितीकांची बढती अडली आणि त्यांना वर्षानुवर्षे कारण कळले नाही. २००८ मध्ये देव दत्त खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा शिरस्ता मोडला: अहवालातील प्रत्येक नोंद, ती प्रतिकूल असो वा अनुकूल, नोकराला कळवली पाहिजे, म्हणजे त्याला त्यावर आपले म्हणणे मांडता येईल. हा तत्त्वाचा फार मोठा विजय होता, आणि तो ज्या नोकरांनी मिळवला त्यांच्या चिकाटीविषयी मला मनापासून आदर वाटतो.

तोच न्याय खासगी नोकरीतील स्वभाव-आलेखाला लावण्यात काय अडचण आहे? २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्यात तर उलट दिशेने पाऊल पडलेले दिसते. नोकरीच्या प्रयोजनासाठी आणि धन्याचे नुकसान टाळण्यासाठी माहितीचा वापर हा त्यात वेगळ्या संमतीवाचून करता येण्याजोगा वापर मानला आहे. या सवलतीतून स्वभावाचे आलेख स्पष्ट शब्दांत वगळले पाहिजेत. ज्याची चाचणी घेतली त्याला तिचा निकाल पूर्णपणे मिळाला पाहिजे. कोणत्या कामासाठी कोणता गुण पाहिला आणि त्या गुणाचा त्या कामाशी संबंध कोणत्या पुराव्याने सिद्ध आहे, हे कंपनीने लेखी सांगितले पाहिजे. अर्थ लावणाऱ्या मानसशास्त्रज्ञाचे नाव त्याखाली असले पाहिजे. ठरावीक मुदतीनंतर तो आलेख नष्ट झाला पाहिजे. कामगार संघटनांनी वेतनाच्या करारांत हे कलम घालून घ्यावे, आणि महाविद्यालयांनी नोकरभरतीसाठी आवारात येणाऱ्या कंपन्यांना तशी अट घालावी. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. आणि ज्या माणसाने एखाद्या कंपनीत दहा-बारा वर्षे काढली, ज्याने पार पाडलेली कामे, केलेल्या चुका, शिकवलेले नवखे आणि मुदतीत दिलेले हिशेब हे सर्व त्याच कंपनीच्या दप्तरात तारीखवार नमूद आहेत, त्याच्यापुढे 'हाती घेतलेले काम मी अर्धवट टाकीत नाही' हे विधान आणि पाच घरे ठेवण्याआधी वरिष्ठांनी ते दप्तर उघडून वाचावे, आणि त्यातील जी नोंद त्यांना खटकत असेल ती त्याला समोर बसवून विचारावी.